तळ्याकाठचा एकटा माणूस

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दाच्या तळ्याची हकीकत आपण सर्वांनी मिस्सेत अनेकदा ऐकली आहे. त्या तळ्याभोवती पाच पडव्या होत्या आणि त्या आंधळ्या, लंगड्या, लुळ्या माणसांनी भरलेल्या असत. पाणी हालले की जो प्रथम आत उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची श्रद्धा होती. तेथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. बरे व्हायची इच्छा आहे काय, असे प्रभूने त्याला विचारले. त्याने सरळ होकार दिला नाही. पाणी हालते तेव्हा आपल्याला आत सोडणारे कोणी नसते आणि आपण सरपटत काठापर्यंत पोहोचेतो दुसराच कोणी उतरलेला असतो, असे गाऱ्हाणे त्याने मांडले.

आपण या हकीकतीतला चमत्कार घेऊन घरी जातो आणि गाऱ्हाणे वेदीपाशीच ठेवून जातो. मला त्या गाऱ्हाण्याविषयी बोलायचे आहे. ते तळे काही ओसाड रानात नव्हते. ते पवित्र नगरीत होते, मंदिर जवळ होते, सणावारी भाविकांचे थवेच्या थवे तेथून जात होते. अडतीस वर्षांत त्या माणसाच्या वाट्याला किती प्रार्थना, किती सुस्कारे आणि किती नाणी आली असतील याचा हिशेब नाही. त्याला हवा होता एक माणूस, आणि तेवढाच मिळाला नाही. आज आपल्या धर्मग्रामांत, आपल्या बावखलांच्या काठी उभ्या असलेल्या घरांतून हेच गाऱ्हाणे ऐकू येत आहे. ते ऐकण्याची आपली तयारी नाही, हा माझा आरोप आहे. आरोपींच्या यादीत माझेही नाव आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या विकाराने गेली अनेक वर्षे आजारी आहे. वसईतल्या आमच्या वाडीतून पहाटेची लोकल पकडून तो मुंबईला नोकरीला जाई आणि रविवारी चर्चच्या गायनवृंदात गाई. २००६ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्याचा उजवा पाय फरफटू लागला. कोणी मणक्याचा दोष म्हटले, कोणी जीवनसत्त्वांची उणीव. २००९ साली एमआरआय तपासणीनंतर खरे निदान झाले. २०१३ मध्ये हाती काठी आली, २०१६ मध्ये चाकांची खुर्ची. आज तो अंथरुणावर आहे. मान आणि डावा हात तेवढा थोडाफार हलतो, शब्द अडखळत येतात, आणि बुद्धी मात्र शाबूत आहे.

या आजाराचे पद्धतशीर वर्णन १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी केले. आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टण असते, विजेच्या तारेवर रबर असते तसे. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच वाट चुकून या वेष्टणावर हल्ला करते. जागोजागी व्रण पडतात आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत, डोळ्यांपर्यंत, मूत्राशयापर्यंत धड पोहोचत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार पृथ्वीवर सुमारे २८ लाख लोक या आजाराने ग्रस्त होते. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि त्यांत स्त्रिया अधिक असतात. पुष्कळांच्या बाबतीत आरंभी झटके येतात व ओसरतात, आणि पुढे कित्येकांचा आजार हळूहळू सतत वाढू लागतो. शंभरांतील दहा-पंधरा रुग्णांना मात्र ओसरण्याचा दिलासा कधीच मिळत नाही. पहिल्या दिवसापासून आजार पुढेच सरकत राहतो. दादा या दहा-पंधरांपैकी एक.

निदान होण्यापूर्वीच्या तीन वर्षांत आमच्या गावाने स्वतःचे निदान करून टाकले होते. दादा चालताना झोकांड्या देई, संध्याकाळी थकला की बोलताना त्याची जीभ अडखळे. तो पितो, असे लोकांनी ठरवले. स्टेशनच्या जिन्यावर तो पडला तेव्हा आपलीच दोन माणसे त्याला ओलांडून गेली, कारण दारुड्याला उठवायला कोण थांबतो? लग्नाच्या मांडवात त्याच्यासमोरून पेला मुद्दाम बाजूला सरकवण्यात आला. ज्याने आयुष्यात नाताळच्या दिवशीही मोजूनमापून घेतली, त्याला कुमारवयीन मुलांदेखत समजुतीचे बोल ऐकावे लागले. हे बोल ऐकवणाऱ्यांत मी होतो. धाकटा भाऊ या नात्याने मी एका रविवारी त्याला अंगणात घेऊन गेलो आणि वहिनीची व मुलांची शपथ घातली. तो काही बोलला नाही. निदानाचा कागद हाती आल्यावर त्याने मला एवढेच विचारले, ‘‘आता पटलं?’’ त्या दोन शब्दांचे ओझे मी अजून वाहतो आहे.

निदान झाले म्हणजे जिभा थांबतील अशी माझी समजूत होती. तीही खोटी ठरली. दारूची जागा धर्माने घेतली आणि आजाऱ्याच्या उशाशी तीन प्रकारची सांत्वने येऊन बसली. तिन्हींचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

पहिले सांत्वन पापाचे. घराण्यात काहीतरी घडले असेल, कोणाचा तळतळाट लागला असेल, वाडवडिलांचे काही भोवत असेल. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो तिथल्या तिथे मोडून काढला होता. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तेवढा काळ ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी पापाची मीमांसा सुरू केली आणि परमेश्वराचा कोप ओढवून घेतला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी ख्रिस्ती दुःखविचारावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यातही ईयोबाचा दाखला देऊन प्रत्येक दुःख ही शिक्षा नव्हे असे स्पष्ट केले आहे. आता विज्ञान काय सांगते तेही पाहा. २०२२ साली अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टीन-बार या अत्यंत सर्वसाधारण विषाणूच्या संसर्गाचा या आजाराशी निकटचा संबंध असल्याचे त्यातून दिसून आले. जगातील बहुतेक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. त्यांतील फारच थोड्यांना हा आजार जडतो. पापाचा जमाखर्च मांडणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडून पाहावा.

दुसरे सांत्वन क्रूसाचे. ‘‘देवाने दिलेला क्रूस आहे, आनंदाने वाहा,’’ असे सांगून येणारा उठतो आणि चप्पल घालून निघून जातो. क्रूसाचे मोल मी नाकारत नाही. दादा स्वतः आपल्या यातना प्रभूच्या यातनांशी जोडतो, हे मी पाहिले आहे. परंतु तो शब्द उच्चारण्याचा अधिकार त्याचा आहे. जो भार उचलत नाही त्याने भाराचे गुणगान करू नये. कालवारीच्या वाटेवर स्वतः प्रभूलाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला. आपल्या क्रूसाच्या वाटेतील पाचवे स्थान तेच आहे. उपवासकाळात दर शुक्रवारी आपण त्यापुढे गुडघे टेकतो, मग उठून सहाव्या स्थानाकडे सरकतो, आणि शिमोन चित्रातच राहतो.

संत लिडविनाचे उदाहरणही अशा वेळी देण्यात येते. हॉलंडमधील स्खीडाम गावची ही मुलगी १३९५ च्या हिवाळ्यात, पंधराव्या वर्षी, बर्फावर घसरून पडली आणि १४३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे शरीर टप्प्याटप्प्याने निकामी होत गेले. तिला हाच आजार असावा, असे काही वैद्यकीय अभ्यासकांचे मत आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९० मध्ये तिला संतपद दिले. तिचीही वर्षे अडतीसच होती. तिच्या सहनशीलतेवर आपण प्रवचने ऐकतो. पण त्या अडतीस वर्षांत तिचे अंथरूण कोणी बदलले, तिच्या जखमा कोणी धुतल्या, तिच्या तोंडाला पाणी कोणी लावले, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारले?

तिसरे सांत्वन चमत्काराचे, आणि हे सर्वांत धोक्याचे. दादाला एका मोठ्या आरोग्यप्रार्थना शिबिराला नेण्यात आले. मंडपात हजारो लोक होते. व्यासपीठावरून त्याला उठून चालण्याची आज्ञा झाली. चौघांनी काखेत हात घालून त्याला उभे केले आणि टाळ्या वाजल्या. हात काढताच तो कोसळला. नंतर वहिनीला एकीकडे घेऊन सांगण्यात आले की घरातल्या कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे आणि औषधे चालू ठेवणे हे अविश्वासाचेच लक्षण आहे. भाबड्या जिवाने औषधे बंद केली. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन हे औषध असे एकाएकी थांबवायचे नसते. तिसऱ्या दिवशी दादाचे पाय लाकडासारखे आखडले, अंगात ताप भरला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले.

यात ख्रिस्तसभेची शिकवण कोठे आहे? लूर्द येथे पवित्र मातेच्या चरणी बरे झालेल्यांची तपासणी करण्यासाठी १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. फ्रान्समधील झाँ-पिएर बेली नावाचे परिचारक याच आजाराने अंथरुणाला खिळले होते. १९८७ साली लूर्द येथे ते बरे झाले. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे तपासून पाहिले आणि धर्माध्यक्षांची मान्यता मिळायला १९९९ साल उजाडले. बारा वर्षे! ज्या माउलीच्या दारी ख्रिस्तसभा बारा वर्षे थांबते, तिच्या नावाने आपल्या मंडपात बारा मिनिटांत निकाल लागतो. देव चमत्कार करतो यावर माझा विश्वास आहे. लूर्दला पहिल्या दर्शनापासून, म्हणजे १८५८ पासून, कोट्यवधी यात्रेकरू गेले आणि सभेने मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपासच आहेत. उरलेल्या असंख्य आजाऱ्यांवर देवाचे प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? त्यांच्यासाठी देवाने योजलेला उपाय शेजारी हाच असावा. त्या शेजाऱ्याने मंडपातली टाळी म्हणजेच सेवा असे समजू नये.

औषधशास्त्राने काहीच केले नाही असे नाही. आरंभापासून वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी ऑक्रेलिझुमॅब या पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. ७३२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषध न मिळालेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांचे अपंगत्व वाढले, औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांचे. हा फरक मोलाचा आहे, पण गेलेले पाय तो परत आणत नाही. दादापर्यंत ही वार्ता पोहोचली तेव्हा तो खुर्चीत बसून एक वर्ष झाले होते. डॉक्टरांनी नम्रपणे सांगितले की फारशी आशा धरू नका. म्हणजे जेथे वैद्यकाचे हात थांबतात आणि चमत्कार घडत नाही, अशी एक लांबलचक वाट उरते. त्या वाटेवर धर्मग्राम काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या वहिनीचे उदाहरण घ्या. रात्री दर तीन तासांनी ती उठून दादाला कुशीवर वळवते, कारण न वळवल्यास पाठीला व्रण पडतात. पिशवी बदलणे, अंग पुसणे, घास बारीक करून भरवणे, गिळताना ठसका लागला तर पुढे वाकवून धरणे, आखडलेले पाय हळूहळू सोडवणे, हे तिचे नित्यकर्म. सहा वर्षे तिने रविवारची मिस्सा चर्चमध्ये ऐकलेली नाही, कारण तेवढा वेळ दादाजवळ बसायला कोणी नसते. मी तेव्हा बोरिवलीला राहत असे. महिन्यातून एकदा येई, फळांची पिशवी ठेवी, केरळच्या तेलाची शिफारस करी आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघे. एका वर्षी सणाच्या दिवशी धर्मग्रामाने आदर्श पत्नी म्हणून वहिनीचा सत्कार केला. शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन समिती घरी आली, कारण तिला समारंभाला जाता येत नव्हते. का जाता येत नव्हते, हे समितीतल्या एकानेही विचारले नाही. छायाचित्र काढून मंडळी गेली. त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, ‘‘भावोजी, शाल नको होती हो. कोणी दोन तास बसलं असतं तर मिस्सेला जाऊन आले असते.’’

आता आपल्या चर्चच्या वास्तूकडे या. कफर्णहूम येथे चौघा मित्रांनी पक्षघाती माणसाला उचलून आणले. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी घराचे छप्पर उसवले आणि बाज खाली सोडली. प्रभूने छपराच्या नुकसानीची तक्रार केली नाही, उलट त्या चौघांचा विश्वास पाहिला. आमच्या चर्चला सात पायऱ्या आहेत. सहा-सहा इंचांच्या सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट उंची. बारा फुटांमागे एक फूट चढ या हिशेबाने चाकांच्या खुर्चीसाठी बेचाळीस फुटांचा उतार पुरेल, मध्ये एक वळण दिले तर तो बाजूच्या अंगणात सहज मावेल. हा प्रस्ताव तीनदा मांडला गेला आणि तिन्ही वेळा दर्शनी भागाची शोभा जाईल म्हणून बाजूला पडला. त्याच काळात सणाच्या रोषणाईचा खर्च मात्र वाढत गेला. उष्णतेने या आजाराची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे १८९० सालापासून वैद्यकाला ठाऊक आहे. गुड फ्रायडेच्या उन्हात उघड्या अंगणात दादाचे पाय लुळे पडले तेव्हा त्याला सावलीत नेण्याऐवजी, झेपत नाही तर यायचेच कशाला, असे कोणीतरी पुटपुटले. त्यानंतर तो आला नाही.

१९९३ पासून दरवर्षी ११ फेब्रुवारीला जागतिक रुग्णदिन पाळला जातो. आपणही पाळतो. आजाऱ्यांना चर्चमध्ये आणतात, आशीर्वाद देतात, अल्पोपाहाराचे पुडके देतात आणि दुपारपूर्वी सर्व आटोपते. जो येऊ शकतो तो तेथे रुग्ण ठरतो. जो येऊच शकत नाही, तो यादीतही नसतो.

मला ठाऊक आहे, यावर तीन आक्षेप निघतील. पहिला असा, की सेवा हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. आहेच. पण हा आजार वीस-तीस वर्षे चालतो आणि आपली कुटुंबे आता एका-दोघा मुलांची झाली आहेत, त्यांतले एखादे परदेशी. एका स्त्रीच्या पाठीवर तीस वर्षे लादून त्याला कुटुंब म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला. दुसरा आक्षेप, की परक्या माणसाला असे काम जमत नाही. पिशवी बदलायला कोणी सांगत नाही. दादाजवळ बसावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, ठसका लागला तर काय करायचे ते वहिनीकडून एकदा शिकून घ्यावे, एवढेच. तिसरा आक्षेप, की धर्मग्राम काहीच करीत नाही हे म्हणणे कृतघ्नपणाचे आहे. तो मला मान्य आहे. दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारे सेवक आमच्या घरी न चुकता येतात. दादाला गिळता येत नाही हे ओळखून त्यांतील एका बाईंनी ख्रिस्तप्रसादाचा कण चमचाभर पाण्यातून द्यायला आपण होऊन सुरुवात केली. एक वृद्ध शेजारी मंगळवारी येऊन दादाची दाढी करतात. म्हणूनच तर मी लिहितो आहे. दोघांना जे जमते ते हजारो कुटुंबांच्या धर्मग्रामाला का जमू नये?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या आळीत कोण अंथरुणावर आहे आणि त्याच्या उशाशी कोण एकटे जागते, या दोन नावांची यादी करावी. अशा प्रत्येक घरासाठी बारा माणसे मिळवावीत आणि प्रत्येकाने महिन्यातून एकदा चार तास द्यावेत. म्हणजे महिन्याला अठ्ठेचाळीस तास होतात, आठवड्यातून जवळजवळ तीन वेळा त्या घरची स्त्री दार उघडून बाहेर पडू शकते. बारा ही संख्या आपल्याला नवीन नाही. बेचाळीस फुटांचा उतार पुढील सणापूर्वी बांधावा, खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह करावे आणि पंख्याखालची एक जागा राखून ठेवावी. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नावानिशी समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढायला लागणारे अर्ज व हेलपाटे समूहातल्या एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने अंगावर घ्यावेत. या रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे. तिची माहिती धर्मग्रामाच्या फलकावर लागावी, म्हणजे पुढच्या एखाद्या दादाला तीन वर्षे दारुडा म्हणून काढावी लागणार नाहीत.

मी स्वतः निवृत्तीनंतर वाडीत परतलो आहे. रविवारी सकाळी साडेसहा ते दहा ही वेळ माझी आहे. पहिल्या रविवारी वहिनी मिस्सेला निघाली तेव्हा तिच्या चपला सापडेनात, इतक्या वर्षांत त्या माळ्यावर गेल्या होत्या. ती गेल्यावर दादा आणि मी दोघेच राहिलो. चर्चची घंटा वाजली, गायनवृंदाचा आवाज केळीच्या बागेवरून येऊ लागला आणि दादाने ओठ हलवून आपला जुना खालचा स्वर धरण्याचा प्रयत्न केला. तो बरा झाला नाही, होणारही नाही. पण त्या सकाळी तळ्याकाठी तो एकटा नव्हता.

उरलेली अकरा माणसे मी शोधतो आहे. आपल्या आळीतील अशा घराचे दार आपणही या रविवारी ठोठवावे, आणि जाताना शाल नेऊ नये.